इंटरनेट अर्काइव्हवर मराठी पुस्तक शोधताय? आधी लेखकाचं मृत्युवर्ष बघा

बाजारातून गेलेल्या मराठी पुस्तकासाठी इंटरनेट अर्काइव्ह या स्कॅन केलेली पुस्तकं ठेवणाऱ्या संकेतस्थळाइतकी सोयीची जागा नाही. पैसे नकोत, नोंदणी नको. तरी ह. ना. आपटे सहज मिळतात आणि १९७० च्या आसपास एकच आवृत्ती निघून संपलेली कादंबरी मिळत नाही. मिळालीच तर कधी काढली जाईल याचा नेम नाही. यात दोष अर्काइव्हचा कमी, प्रताधिकाराच्या (कॉपीराइटच्या) मुदतीचा जास्त.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं प्रताधिकार राहतो. मोजायचं पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ ला मोकळं झालं. खांडेकर गेले १९७६ साली, म्हणजे थेट २०३७. खांडेकरांची पुस्तकं दुकानात मिळतात, त्यामुळे वाचकाचं अडत नाही. पण त्याच वर्षी गेलेल्या, कुणी पुन्हा न छापलेल्या लेखकालाही तेच कुलूप. (१९९१ च्या अखेरपर्यंत मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांचे हक्क संपत आले आणि ती वाढली.) अनुवादात अनुवादकाचंही वर्ष बघावं लागतं, आणि लेखकाच्या पश्चात प्रथम छापलेलं पुस्तक असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून.

शोध हा अर्काइव्हचा सगळ्यात कच्चा भाग. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी स्कॅनिंग प्रकल्पातून आलेल्या स्कॅनांची शीर्षकं बहुतेक रोमनमध्ये, स्पेलिंग मनमानी. 'ज्ञ'साठी डी-एन-वाय, जे-एन आणि जी-वाय अशा तिन्ही तऱ्हा टाकून बघा, मग लेखकाचं नुसतं आडनाव. उतरवण्याआधी शेवटची पानं चाळा. गहाळ पानं नवलाची नाहीत. वाचायला पीडीएफ पुरते, पण छापायचं असेल तर जेपी२ ची झिप (पानांच्या मूळ चित्रांची फाइल) घ्या, अक्षर फुटत नाही. जुन्या स्कॅनांची मजकूर-फाइल उघडूच नका: तेव्हाच्या ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीला) देवनागरी येत नव्हती, आत नुसता कचरा आहे.

शोधता येणारा मजकूर हवा तर मराठी विकिस्रोत, म्हणजे स्वयंसेवकांनी टंकून तपासलेल्या पुस्तकांचं विकिपीडियाचं भावंडं संकेतस्थळ. पिवळं पान एकदा तपासलेलं, हिरवं दोनदा. मात्र सर्व्हर अमेरिकेत, म्हणून तिथला कायदाही पाळावा लागतो. १९४० नंतर निधन झालेल्या लेखकाच्या पुस्तकाला तिथं प्रकाशनापासून ९५ वर्षं लागू होतात. १९३५ चं पुस्तक भारतात मोकळं असलं तरी तिथं २०३० संपेपर्यंत अडकतं.

मुदत बाकी आणि पुस्तक दुर्मिळ, तर गावचं वाचनालय गाठा. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रतींपर्यंत नक्कल ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार स्वतःच्या वापरासाठी करता येते. ती तिथं बसून वाचायची, घरी झेरॉक्स नाही. हक्कदारच सापडत नसेल तर कलम ३१अ खाली पुनर्मुद्रणाचा परवाना मागता येतो. फक्त अर्जाआधी देशभर खपणाऱ्या दैनिकात जाहिरात द्यावी लागते, आणि पुस्तक मराठी असलं तरी ते दैनिक इंग्रजीच हवं.