उत्तरवाहिनीला निघालात? नावेचा 'व्हीआयपी पास' घेऊ नका

नर्मदेची पूर्ण परिक्रमा माझ्याकडून आणि माझ्या जावेकडून होणारी नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण गुजरातेत रामपुरा ते तिलकवाडा या पट्ट्यात मैया उत्तरेकडे वाहते. तिथली दोन्ही काठांची मिळून वीसेक किलोमीटरची वाट चैत्रात एका दिवसात चालून होते, हीच उत्तरवाहिनी परिक्रमा. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली: डोंबिवलीहून बस, सोबत गाइड, जेवण, चहा-नाश्ता, नाव, सगळं धरून माणशी ४,८०० रुपये. भरले.

रात्री बस गुजरातेत शिरल्यावर गाइडने माइक हातात घेतला. नावेला चार-चार तास रांग असते, उन्हात बायाबापड्यांचे हाल होतात, म्हणून त्याने 'खास ओळखीतून' व्हीआयपी पास आणले होते. माणशी ३५०. नाव तर पैशांत धरलेली होती ना, असं एका काकांनी विचारलं. "काका, ती साधी नाव. आणि इथे रेंज नाही, रोखच द्या." लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर मगरीवर बसलेली मैया, खाली शिक्का. आम्ही ४४ जण होतो, म्हणजे १५,४०० रुपये त्याने बसल्याजागी गोळा केले. माझी जाऊ तेव्हाच पुटपुटली, "देवाच्या वाटेवर कसला गं व्हीआयपी?" मीच तिला गप्प केलं.

पहाटे तीनला रामपुऱ्याच्या घाटावर संकल्प करून, मैया उजव्या हाताला ठेवून आम्ही निघालो. विजेरीच्या उजेडात मांगरोळपर्यंत गाइड दिसत होता. "आपला नाश्ता पुढे सांगून ठेवलाय" म्हणाला होता. पुढे एका मांडवात गरम पोहे आणि चहा मिळाला. मी सहज वाढणाऱ्या आजींना विचारलं, आमच्या टूरवाल्याने पैसे दिले ना? आजी हसल्या. "ना बेन, आ तो मैयानी सेवा छे." अशा सेवा त्या वाटेवर जागोजागी आहेत, ताक, पाणी, सरबत, गावातली माणसं हात धरून बसवतात. आमच्या पॅकेजमधला 'चहा-नाश्ता' तो हाच. खरं सांगते, पासापेक्षा हे जास्त लागलं.

शहेरावच्या घाटावर रांग होतीच. आम्ही मोठ्या ऐटीत कार्डं काढली. रांगेवरच्या सेवकाने ते उलटंपालटं करून पाहिलं, शेजारच्याला दाखवलं. तिथे वेगळी रांगच नव्हती. त्यात जावेने माझं कार्ड आपल्याशेजारी धरलं: दोघींचा नंबर एकच, ००७१. गाइडचा फोन लागला, "आलोच ताई, पाच मिनिटं," आणि मग बंद. बसमध्ये तो प्रश्न विचारणारे काका गुडघा धरून सावलीत बसले होते. शेवटी तिथल्या तिथे पुन्हा पैसे देऊन आम्ही नावेत बसलो.

तिलकवाड्याला संत टेंबेस्वामींच्या वासुदेव कुटी आश्रमात जरा टेकलो, तेव्हा कुठे डोकं शांत झालं. तिथून रेंगणपर्यंतचा काठ आम्ही विचारत विचारत केला. वाटेवर माणसांची रीघ असते, चुकायला होत नाही. गाइडवाचून काही अडलं नाही.

जाणार असाल तर जरूर जा. संघटकाकडून आधी लिहून घ्या की नावेचं भाडं धरलंय की नाही, आणि बसमध्ये कोणी रोख मागितली तर देऊ नका. आमच्याकडे ना पावती, ना पुरावा. तक्रार कशाच्या जोरावर करणार?

नदी ओलांडून रामपुऱ्याला परत आलो तर गाइड बसच्या दाराशी, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून उभा. ३५० रुपयांचं विचारलं तर म्हणाला, "मैयेची इच्छा." आणि एकेकाकडून कार्डं परत मागू लागला, पुढच्या बॅचला लागतात म्हणून. लोकांनी दिलीसुद्धा. जावेने मात्र आमची दोन्ही पदराआड धरली आणि सरळ आपल्या सीटवर जाऊन बसली.