साठ घरांचा तक्ता: साताऱ्यातील एका अभ्यासिकेच्या दिवाळी सुट्टी वर्गाविषयी

माझी भाची कोरेगाव तालुक्यातील एका गावात राहते आणि तिने मार्च २०२५ची दहावीची परीक्षा दिली. दिवाळीच्या सुमारास तिच्या घरी सोयाबीनची मळणी आणि ज्वारीची पेरणी एकदमच चालू असते, घरात माणसांची ये-जा असते आणि कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीला दर दहा मिनिटांनी कोणीतरी हाक मारते. म्हणून ३ नोव्हेंबर २०२४ची भाऊबीज झाल्यावर बहिणीने तिला आमच्याकडे साताऱ्यात ठेवले आणि राजपथ व खालचा रस्ता यांच्यामधल्या एका बोळातील अभ्यासिकेच्या सुट्टी वर्गात मी तिचे नाव घातले. ४ ते १३ नोव्हेंबर हे दहा दिवस आणि पुढे डिसेंबरअखेरपर्यंतचे सात रविवार, एवढ्याचे शुल्क १,८०० रुपये होते. अभ्यासिकेचे नाव येथे लिहीत नाही, कारण चालक ओळखीचे आहेत आणि खाली लिहिलेल्या तक्रारी मी त्यांच्याजवळ तोंडी केलेल्या आहेत. शिवाय सुट्टी वर्गाची जाहिरात करणाऱ्या इतर अभ्यासिकांतही साधारण असेच तक्ते वाटले जातात, असे चार ठिकाणी चौकशी केल्यावर मला दिसले.

जागेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन दालने आहेत. मोठ्या दालनात स्पर्धा परीक्षा आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली वर्षभर बसतात आणि लहान दालन सुट्टीपुरते दहावीच्या वीस-बावीस मुलांना दिले जाते. खुर्च्या बऱ्या आहेत, उजेड पुरेसा आहे, वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे चालतात पण पंखे चालत नाहीत. मुलींसाठी स्वच्छतागृह एकच आहे आणि ते दोन्ही दालनांना मिळून आहे, ही गैरसोय शुल्क घेण्यापूर्वी सांगायला हवी होती. शांततेच्या बाबतीत मात्र अभ्यासिकेला पूर्ण गुण द्यावे लागतील. शेजारच्या दालनातील मोठी मुले सकाळी सातपासून मान खाली घालून बसलेली असतात आणि त्यांच्याकडे पाहून दहावीची मुलेही आपोआप आवाज खाली आणतात. कोणाला ओरडावे लागत नाही. त्या आठवड्यात विधानसभा निवडणुकीचा प्रचार ऐन भरात होता, मतदान २० नोव्हेंबरला होते, त्यामुळे बोळाच्या तोंडावरून ध्वनिवर्धक लावलेल्या रिक्षा दिवसभर जात असत. राज्यशास्त्राच्या पुस्तकातील ‘निवडणूक प्रक्रिया’ हे प्रकरण वाचत असताना खालून प्रत्यक्ष प्रचार ऐकू येत होता, असे भाचीने हसत सांगितले. याचा दोष अर्थातच अभ्यासिकेला देता येणार नाही.

खरा मुद्दा आहे तो पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात दिलेल्या छापील तक्त्याचा, कारण जाहिरातीत ‘सुट्टीचे शास्त्रशुद्ध नियोजन’ म्हणून विकले जाते ते हेच. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, वरती ध्येयवाक्य आणि खाली दहा दिवसांचे रकाने. वेळ सकाळी ८ ते १ आणि दुपारी ३ ते ७ अशी, म्हणजे दिवसाला नऊ तास. दीड तासाचे एक घर धरून दिवसाला सहा आणि दहा दिवसांची साठ घरे. मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो, त्यामुळे असा तक्ता समोर आला की बेरीज करून पाहण्याची सवय जात नाही. बीजगणिताची ६ प्रकरणे, भूमितीची ७, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दोन्ही भागांची मिळून २०, इतिहासाची ९, राज्यशास्त्राची ५ आणि भूगोलाची ९, अशी एकूण ५६ होतात. तक्ता करणाऱ्याने प्रत्येक प्रकरणाला एक घर दिले आणि उरलेली चार घरे मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांना वाटून टाकली.

आता दहावीच्या गुणांची वाटणी पाहा. भाचीला तिन्ही भाषा पूर्ण आहेत, म्हणजे प्रत्येकी ८० गुणांची लेखी परीक्षा. गणिताच्या, विज्ञानाच्या आणि सामाजिक शास्त्रांच्या दोन-दोन प्रश्नपत्रिका प्रत्येकी ४० गुणांच्या. एकूण ४८० लेखी गुणांपैकी २४० भाषांचे आहेत आणि त्यांच्या वाट्याला साठांपैकी चार घरे आली, तर ८० गुणांच्या सामाजिक शास्त्रांना तेवीस. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवून, गुण न पाहता आणि मूल न पाहता केलेले हे काम आहे. शिवाय सगळी प्रकरणे एका मापाची नसतात. संभाव्यतेचे प्रकरण लहान आहे आणि ज्याला ते समजले त्याला दीड तास जास्तच होतो. ‘वर्तुळ’ या प्रकरणात मात्र अंतर्लिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका आणि छेदिका अशी प्रमेयांची रांगच आहे आणि ते एका बैठकीत उरकणे हुशार मुलालाही जमत नाही. ‘अवकाश मोहिमा’ आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ यांनाही सारखाच वेळ होता. मी ही बेरीज पहिल्याच संध्याकाळी केली होती, पण मुलीच्या मनावर परिणाम नको म्हणून गप्प राहिलो, हे माझे चुकलेच.

तिसऱ्या दिवशी, ६ नोव्हेंबरला संध्याकाळी, तक्त्याप्रमाणे १८ घरे भरायला हवी होती आणि भाचीची ११ भरली होती. त्या अकरांमध्येही काही खुणा खोट्या होत्या, हे तिने रात्री जेवताना कबूल केले. ‘अर्थनियोजन’ या प्रकरणातील जीएसटीची उदाहरणे तिला येत होती, शेअर्सवरील दलालीची येत नव्हती, पण वेळ संपली म्हणून तिने बरोबरची खूण करून टाकली. “मामा, रिकामं घर दिसलं की लाज वाटते,” एवढेच ती म्हणाली. मागे पडलेले काम कुठे घ्यायचे, याला तक्त्यात जागाच नव्हती. एक घर चुकले की पुढची सगळी घरे सरकतात किंवा मुले खोटी खूण करून पुढे जातात. त्या दालनात दुसरा मार्ग निवडणारी मुले बरीच होती, असे नंतर कळले.

शुल्काचे पैसे वाया गेले असे मला त्या रात्री वाटले होते, आणि माझे मत बदलले ते या वर्गाला नेमलेल्या सरांमुळे. हे एक निवृत्त गणित शिक्षक आहेत. ते रोज संध्याकाळी पाच ते सात बसतात आणि जाहिरातीत त्यांचा उल्लेख एका ओळीत, ‘शंकानिरसन’ या शब्दापुरता आहे. ७ तारखेला मी भाचीबरोबर गेलो आणि तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तीन रकाने आखले: येते, अर्धे येते, येत नाही. “पोरी, झालेलं मला सांगू नकोस. कुठं अडतं तेवढंच सांग,” असे म्हणून त्यांनी तिच्याकडूनच ५६ प्रकरणांची नावे त्या तीन रकान्यांत लिहून घेतली. सामाजिक शास्त्रांची जवळपास सगळी नावे पहिल्या दोन रकान्यांत गेली, तेव्हा सरांनी ती सुट्टीतून काढूनच टाकली आणि रात्री घरी अर्धा-पाऊण तास वाचायला सांगितले. सकाळचे पाच तास ‘येत नाही’ या रकान्याला, दुपारचा दीड तास एका भाषेला आलटून पालटून, आणि साडेचारनंतरचा वेळ मुद्दाम रिकामा. सकाळचे जे राहील ते तेथे यायचे आणि काही राहिले नाही तर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या. पेन्सिलच का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले की रविवारी हे सगळे खोडायचे आहे.

गणिताची आखणी त्यांनी प्रश्नपत्रिकेच्या रचनेवरून केली आणि ती मला फार पटली. बीजगणित असो वा भूमिती, ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत पहिला प्रश्न ८ गुणांचा असतो, त्यात चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे प्रश्न येतात. दुसरा प्रश्न १२ गुणांचा असतो, त्यात चौकटी भरायच्या कृती आणि दोन-दोन गुणांची उदाहरणे असतात. म्हणजे निम्मे गुण पहिल्या दोन प्रश्नांत आहेत. भाचीसारखी मुले कठीण उदाहरणाच्या धास्तीने चौथ्या प्रश्नाच्या मागे लागतात आणि कृतीतील चौकटी कच्च्या राहतात. सरांनी आधी प्रत्येक प्रकरणातील एक आणि दोन गुणांचे प्रश्न पक्के करायला लावले आणि तीन-चार गुणांच्या उदाहरणांसाठी पूर्वपरीक्षेनंतरचे दिवस राखून ठेवले. दुसरी एक सवय त्यांनी लावली: रोज सकाळी पहिली वीस मिनिटे पुस्तक न उघडता आदल्या दिवशीचे सूत्र, प्रमेय किंवा समीकरणे कोऱ्या कागदावर लिहायची, आणि जे आठवले नाही त्याच्यापासून दिवसाची सुरुवात करायची. याच काळात मोठ्या दालनातील एका ताईने तिला चुकांची वेगळी वही ठेवायला शिकवले. ती वही शुल्कात धरलेली नव्हती, पण मोठ्या मुलांच्या शेजारी बसण्याचा हा लाभ खरा आहे.

रविवारच्या सात बैठकांसाठी ती कोरेगावहून एसटीने येत असे. मुलींना अर्धे तिकीट असल्यामुळे जाण्या-येण्याचा खर्च फारसा जाणवला नाही. ११ वाजता प्रश्नपत्रिका हातात दिली जाई आणि १ वाजून १० मिनिटांनी काढून घेतली जाई, बोर्डाच्या ४० गुणांच्या परीक्षेत जसे वाढीव दहा मिनिटांसह होते अगदी तसे. ही शिस्त उत्तम होती. तपासणी मात्र निराशाजनक होती. उत्तर बरोबर आले की पूर्ण गुण देऊन टाकलेले असत. भूमितीच्या सिद्धतेत पक्ष आणि साध्य लिहिले आहे की नाही, प्रत्येक पायरीपुढे कारण दिले आहे की नाही, हे कोणी पाहत नव्हते. शाळेच्या पूर्वपरीक्षेत याच कारणांसाठी तिचे सहा गुण गेले. सात रविवारच्या उत्तरपत्रिका सरांनी स्वतः तपासल्या नव्हत्या, ते काम शुल्कात सवलत घेऊन बसणाऱ्या दोन महाविद्यालयीन मुलांना दिलेले होते, असे चालकांनी नंतर सांगितले. भाषांच्या प्रश्नपत्रिका तर एकदाही झाल्या नाहीत. सरांच्या सांगण्यावरून भाची दुपारी निबंध आणि पत्रलेखन करीत होती, पण ते पाहणारे तेथे कोणी नव्हते; शेवटी ते काम माझ्या पत्नीने केले.

नियोजनातील आणखी एक उणीव लिहून ठेवतो, कारण ती पालकांच्याही लक्षात उशिरा येते. वर्गातील सगळे बोलणे बोर्डाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेच्या, म्हणजे २१ फेब्रुवारी २०२५च्या, तारखेवर बेतलेले होते. भाऊबीजेपासून ११० दिवस आहेत, असे फळ्यावर लिहिलेले मी स्वतः पाहिले. परंतु प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा ३ फेब्रुवारीपासून सुरू होणार होत्या, त्यापूर्वी जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा, स्नेहसंमेलन आणि प्रयोगवह्या पूर्ण करण्याची घाई. एवढे वजा केले तर सलग अभ्यासाचे दिवस फळ्यावरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास येतात. अंतर्गत २० गुणांचे काम सुट्टीतच उरकून टाका, एवढे एक वाक्य जरी पहिल्या दिवशी सांगितले असते तरी जानेवारीत मुलीची झोप मोडली नसती.

१३ मे २०२५ला निकाल लागला. भाचीला गणितात ७४ गुण मिळाले, नववीत ५६ होते. याचे श्रेय किती अभ्यासिकेचे, किती तिच्या शाळेतील बाईंचे आणि किती तिचे स्वतःचे, याची वाटणी मला करता येणार नाही.

१,८०० रुपयांत नऊ तासांची शांत जागा, सरांचे रोजचे दोन तास आणि घड्याळ लावून सोडवलेल्या सात प्रश्नपत्रिका मिळतात, हे साताऱ्यातील शुल्कांच्या मानाने रास्त आहे. ज्या मुलाच्या घरी बसायला जागा नाही किंवा ज्याला गणितात अडते, त्याने जरूर जावे, मात्र पहिल्याच संध्याकाळी सरांना गाठावे, कारण ते स्वतःहून बोलावत नाहीत आणि वीस मुलांपैकी पाच-सहाच त्यांच्याकडे जात असत. ज्याला भाषांसाठी मदत हवी आहे त्याला तेथे काही मिळणार नाही. तपासणी आणि प्रात्यक्षिक परीक्षा याविषयी चालकांनी माझे ऐकून घेतले. तक्ता बदलण्याविषयी मात्र ते म्हणाले की पालकांना भरगच्च तक्ताच आवडतो, रिकामी घरे दिसली की शुल्क कशाचे असे विचारतात. यात तथ्य असावे, मीही तो पाहूनच पैसे भरले होते.

येत्या दिवाळीत भाचीचा धाकटा भाऊ दहावीत असेल आणि त्याला तेथेच घालायचे ठरले आहे. बहिणीला मी सांगून ठेवले आहे की छापील तक्ता टाकून देऊ नकोस. कागद जाड असतो आणि मागची बाजू पूर्ण कोरी असते.