अफरवाटचा मोकळा बर्फ: फेब्रुवारीत जावे की मार्चअखेरीस?

काश्मीरमधल्या गुलमर्गचा गंडोला, म्हणजे रोपवे, दुसऱ्या टप्प्यात आपल्याला अफरवाट पर्वतावर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. गंडोलाखालच्या मुख्य उतारावर स्की-गस्ती पथकाची देखरेख असते. त्याच्या बाहेरचे उतार मात्र ज्याने त्याने स्वतः पारखायचे असतात. या मोकळ्या उतारांवर स्कीइंग करण्यासाठी फेब्रुवारी निवडावा की मार्चअखेर, हे ठरवताना बहुतेक जण बर्फ किती पडलेला असेल तेवढेच विचारतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: त्या वेळचा हिमस्खलनाचा धोका आपल्याला ओळखता येईल का?

फेब्रुवारीत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळे, एकामागून एक येतात आणि पीर पंजाल रांगेवर भरपूर ताजा बर्फ पडतो. वारा तोच बर्फ उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला घट्ट थरात रचतो. खरी अडचण त्याच्याही खाली असते. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेल्या पातळ थराच्या तळाशी तापमान शून्याजवळ, तर वर कडाक्याची थंडी असते. हा फरक दर १० सेंटिमीटरला साधारण १ अंशाहून अधिक झाला की बर्फाचे कण टोकदार होऊन जाड साखरेसारखे सुटे पडतात. त्यांच्यावर नवा जड थर बसला की ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो घसरायला एका माणसाचे वजनही पुरते. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा बर्फात भेग पळत गेली, तर तिथून ताबडतोब मागे फिरावे.

असा कमकुवत थर आहे का हे तपासण्यासाठी बर्फात खड्डा खणून ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब मोकळा करतात, त्यावर फावड्याचे पाते ठेवून मनगटातून, मग कोपरातून आणि शेवटी खांद्यातून प्रत्येकी दहा थापा मारतात. मनगटाच्या थापांनीच वरचा भाग सपाटपणे सरकला, तर तो उतार सोडून द्यावा. उलट निकाल चांगला आला तरी पलीकडच्या उताराची हमी मिळत नाही. सह्याद्रीत घसारा डोळ्यांना दिसतो. इथला कमकुवत थर मीटरभर खाली दडलेला असतो. २०१० मध्ये याच परिसरात प्रशिक्षणावरील १७ सैनिक हिमस्खलनात मृत्युमुखी पडले, २०२३ मध्ये दोन पोलिश आणि २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू दगावला. या तिन्ही घटना फेब्रुवारीतल्या आहेत.

मार्चअखेरीस धोका बराचसा घड्याळावर चालतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर पृष्ठभाग गोठून कडक होतो आणि सकाळी उतार भक्कम असतात. ऊन चढले की पाणी आत झिरपते आणि ओला, जड बर्फ सुटू लागतो. उतारावरून आपोआप घरंगळणारे बर्फाचे गोळे, घोट्याच्या वर रुतणारा पाय, ही लक्षणे नवख्यालाही दिसतात. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, म्हणून तिथून लवकर उतरावे. रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ गोठलेलाच नसतो, तेव्हा त्या दिवशी जाऊ नये. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर मात्र हिवाळ्यातला धोका टिकून राहू शकतो, आणि मार्चमध्येही मोठी हिमवृष्टी झाली तर फेब्रुवारीचेच नियम लागू होतात.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्चअखेर निवडावी, असे मी ठामपणे सांगेन. भुरभुरीत बर्फाचा आनंद कमी मिळेल, तर मिळू द्यावा. फेब्रुवारी त्यांच्यासाठी, ज्यांच्याबरोबर स्थानिक जाणकार वाटाड्या आहे आणि ज्यांच्या गटातील प्रत्येकाकडे ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग देणारे रेडिओ यंत्र), शोधकाठी व फावडे असून ते चालवण्याचा सराव आहे. ही साधने मार्चमध्येही हवीतच, कारण गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि तेवढ्या वेळात फक्त सोबतीच पोहोचू शकतात. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा रोज पाहावा, पण तो विस्तृत भागासाठी असतो. फेब्रुवारीची तिकिटे आधीच काढलेली असतील, तर मोठ्या हिमवृष्टीनंतरचे निदान दोन दिवस, आणि धोका वाढलेला असेल तर त्याहून अधिक, गस्ती पथकाने खुल्या केलेल्या उतारावरच राहावे.