रिन्यूअल टाळून फक्त डिफेंडरवर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

पैसे भरून घेतलेल्या अँटीव्हायरसची मुदत संपत आली की ते व्हायरसपेक्षा जास्त घाबरवायला लागतं. लाल पट्टी, ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’, आणि पट्टी बंद केली की थोड्या वेळाने पुन्हा तीच. आधीच पैसे घेतलेल्या वस्तूने असं वागणं मला अजिबात मान्य नाही. म्हणून यंदा रिन्यूअल केलं नाही. विंडोज ११ सोबत फुकट येणारं मायक्रोसॉफ्टचं अँटीव्हायरस, डिफेंडर, तेवढं ठेवलं.

काढताना एक काळजी घ्या. नुसतं अनइन्स्टॉल केल्याने अनेकदा ड्रायव्हर आणि सर्व्हिस मागे उरतात. मग विंडोजला दुसरं अँटीव्हायरस अजून आहे असंच वाटतं आणि डिफेंडर चालू होत नाही. त्या कंपनीचंच रिमूव्हल टूल चालवा, रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटीमध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन (सतत चालणारी तपासणी) व टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंग दुसऱ्या प्रोग्रॅमला बदलू न देणं) दोन्ही चालू दिसतात का ते डोळ्यांनी बघा.

रोजच्या वापरात तक्रार नाही. फुल स्कॅन मात्र नागपूरच्या मे महिन्यात दुपारी लावू नका. ठरलेल्या वेळच्या स्कॅनला, काम चालू असताना, प्रोसेसरच्या साधारण ५० टक्क्यांची मर्यादा असते. हाताने सुरू केलेला स्कॅन ती मर्यादा पाळत नाही. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलरची दमट हवा, अशा वेळी लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो आणि स्कॅन संपता संपत नाही. सकाळी सहाला लावा. एरवी क्विक स्कॅन पुरतो.

आता मुख्य मुद्दा, कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस. ही सोय २०१७ पासून विंडोजमध्ये आहे, पण मुळात बंद असते. रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस; विंडोज सिक्युरिटीतल्या रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या पानावर जाऊन ही सोय चालू करावी लागते. चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज अशा फोल्डरांत काही बदलता येत नाही. सुरुवातीला नुसती कटकट वाटली. फाइल सेव्ह होत नाही, आणि प्रोग्रॅम कारण सांगतो ‘फाइल सापडत नाही’! माणूस हार्ड डिस्क बिघडली असं समजतो. अशा वेळी ‘अलाउ ॲन ॲप’मध्ये ‘रीसेंटली ब्लॉक्ड ॲप्स’ उघडायचं आणि आपला ओळखीचा प्रोग्रॅम तेवढा निवडायचा. पहिले काही दिवस हे करावं लागतं, नंतर क्वचितच.

कटकटीबद्दलचं मत बदललं ते डी ड्राइव्हमुळे. आपल्याकडे कॉम्प्युटर विकणारा डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि हिशेबाचा डेटा, लग्नाचे फोटो, सात-बाराचे स्कॅन सगळं डी वर जातं. या सोयीचं संरक्षण आपोआप मिळतं ते मात्र सी वरच्या ठरावीक फोल्डरांना. डी वरचा एकेक फोल्डर ‘ॲड अ प्रोटेक्टेड फोल्डर’मधून हाताने घालावा लागतो. तो घातला नाही तर घराला कुलूप आणि गोदाम उघडं. एवढी महत्त्वाची गोष्ट मायक्रोसॉफ्टने पाच क्लिक आत लपवावी, याचा मला मनापासून राग येतो. आणि दुसरं अँटीव्हायरस टाकलं की डिफेंडरचं रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद होतं, त्याबरोबर ही सोयही जाते. पैसे भरण्याआधी हे तपासा.

एक्सक्लूजन्सची, म्हणजे डिफेंडरने तपासू नये अशा जागांची, यादीही एकदा उघडून बघा. फुकटातलं ऑफिस टाकून देणारे टेक्निशियन ॲक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय ऑफिस चालवणारा चोरटा प्रोग्रॅम) पकडला जाऊ नये म्हणून तिथे अख्खा सी ड्राइव्ह घालून ठेवतात. तसं असेल तर डिफेंडर चालू दिसूनही सी वरचं काहीच तपासत नाही. ॲक्टिव्हेटर वापरणाऱ्याने स्वतःला काळजी घेणारा म्हणू नये.

पेन ड्राइव्हवर डिफेंडर निम्मंच काम करतं. नागपूरच्या बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून शॉर्टकट व्हायरस घेऊन आलेला ड्राइव्ह लावला की ते शॉर्टकट उडवतं, पण व्हायरसने लपवलेल्या मूळ फाइली परत दाखवत नाही. फाइली गेल्या समजून फॉरमॅट मारू नका. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढा, हिडन फाइल्स दाखवा, आपल्या फाइली दुसरीकडे कॉपी करा, मग फॉरमॅट. प्रिंटसाठी वेगळा ड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त पीडीएफ.

इंटरनेट नसलेल्या, दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागणाऱ्या दुकानाच्या कॉम्प्युटरला मात्र मी सशुल्क घ्या असंच सांगेन. डिफेंडरची बरीच ओळख क्लाउडवरून होते आणि जोडणी नसली की ते कमी पडतं. घरच्या कॉम्प्युटरला ती गरज नाही. रिन्यूअलचे पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी ठेवा. बॅकअप झाला की तिची वायर काढा, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअर सोडत नाही.

विंडोज १० वाल्यांसाठी: त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरची व्हायरस-यादी पुढेही अपडेट होत राहते, म्हणून हिरवी खूण दिसते, पण सिस्टिममधली भोकं त्या यादीने बुजत नाहीत. वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या वेळी मायक्रोसॉफ्टचा पॅच (भोक बुजवणारा अपडेट) मार्च २०१७ मध्येच आला होता, हल्ला मे महिन्यात झाला, आणि फटका बसला तो पॅच न टाकलेल्या मशीनना. अशा कॉम्प्युटरवर अँटीव्हायरसचे पैसे भरण्याआधी वाढीव सिक्युरिटी अपडेटची नोंदणी करा, नाहीतर विंडोज ११ चालतं का ते बघा.