ग्लुकॅगॉनची नारिंगी डब्बी – मारबतच्या रात्री वापरावी लागली, तो अनुभव

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, टाइप १ डायबेटिस, चार वर्षांपासून इन्सुलिनवर. शुगर खूप लो होऊन लेकरू बेशुद्ध पडलं तर द्यायचं जे ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असते, त्याचा रिव्ह्यू लिहून राहिली आहे, कारण मी घेताना शोधलं तेव्हा मराठीत कोणी वापरून लिहिलेलं काहीच सापडलं नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी खरेदीचं सांगते. मे महिन्यात घेतलं, नागपूरचा मे म्हणजे ४५ डिग्री, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. तीन-चार दुकानांत तर औषधाचं नाव सांगितल्यावर "ग्लुकोज पावडर पाहिजे का ताई" असंच विचारलं. शेवटी एका दुकानात होतं, त्या माणसाने वरच्या रॅकवरून डब्बी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि समोर ठेवली. मी म्हटलं भाऊ, हे फ्रीजमध्ये पाहिजे नं? तर म्हणे "काही होत नाही ताई, पावडर आहे." आता डब्बीवर स्पष्ट लिहिलेलं आहे की २ ते ८ डिग्रीत ठेवा, फ्रीजबाहेर ठेवायचं तर २५ डिग्रीच्या वर नको, आणि तेही ठरावीक महिनेच. २५ डिग्री आपल्याकडे मे महिन्यात रात्री तरी असते का? मी ती डब्बी तिथेच सोडून आले. दुसऱ्या दुकानदाराने दोन दिवसांनी मागवून दिली, फ्रीजमधून काढून आइसपॅकच्या पाऊचमध्ये दिली, आणि स्वतःहून म्हणाला की फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठली तर कामातून गेली. असा दुकानदार सापडला तर सोडू नका. किंमत स्वस्त नाही, आणि एक्सपायरी बघूनच घ्या, मला आधी चार महिने राहिलेली देत होते.

आता मुख्य गोष्ट.

तान्हा पोळ्याचा दिवस होता, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा सण. सकाळपासून पोट्टा मारबतच्या, म्हणजे त्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीमागे, काळी मारबत पिवळी मारबत दोन्ही बघायच्या म्हणून महालापासून इतवारीपर्यंत नुसता पळत होता, "घेऊन जा गे मारबत" करून घसा बसवून आला, मग संध्याकाळी लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला. रात्री व्यवस्थित जेवला, झोपताना शुगर १३२ होती, मला वाटलं मस्त आहे. इथेच चुकलं. दिवसभर एवढी धावपळ झाली की स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळे अशा दिवशी झोपताना थोडं जास्तीचं खायला देणं, रात्रीचं इन्सुलिन कमी करणं, हे डॉक्टरांना विचारून ठेवायचं असते. आम्ही विचारलं नव्हतं.

रात्री ३ वाजून १० मिनिटांनी मोठी पोरगी ओरडली. त्याच्याच खोलीत झोपते ती, दात खाण्याचा आवाज आला म्हणून उठली. मी गेले तर बनियन पिळून काढावी इतकी ओली, डोळे अर्धवट उघडे, हातपाय आकडीसारखे ताठ. मीटरवर ३१. बाजूच्या काकू धावत आल्या, एका हातात कांदा हुंगवायला आणि दुसऱ्या हातात साखरपाण्याचा ग्लास. त्यांचा जीव तुटत होता पोरासाठी, पण मी ग्लास हातातून घेऊन बाजूला ठेवला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, पाणी नाही, साखर नाही, मध नाही, ते श्वासनलिकेत जाते. ही एक गोष्ट कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आमच्या ह्यांनी १०८ ला फोन लावला, मी फ्रीज उघडला. डब्बीत एक छोटी बाटली असते, तळाशी चिमूटभर पांढरी पावडर, १ मिलिग्रॅम, आणि एक सिरिंज ज्यात पाणी आधीच भरलेलं. बाटलीवरचं प्लास्टिकचं झाकण काढायचं, सिरिंजमधलं सगळं पाणी बाटलीत सोडायचं, सुई न काढता बाटली हलक्या हाताने गोल फिरवायची, पाणी स्वच्छ दिसलं की परत सिरिंजमध्ये ओढायचं, हवेचा बुडबुडा काढायचा आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं. वाचायला सोपं वाटते. रात्री तीन वाजता पोटचं लेकरू समोर तसं पडलेलं असताना माझा अंगठा इतका थरथरत होता की ते छोटं झाकण निघेना, दातांनी काढलं. सुई पण इन्सुलिनच्या पेनसारखी बारीक नाही, चांगली लांब आहे, बघून हात थांबतो. तो थांबू नये म्हणून आधी सराव पाहिजे.

२५ किलोच्या आतल्या लेकराला अर्धा डोस असतो, माझा मुलगा ३२ किलोचा आहे म्हणून पूर्ण दिला. तुमच्या लेकराचा डोस डॉक्टरांकडून आधीच विचारून डब्बीवर लिहून ठेवा.

दिल्यावर लगेच कुशीवर वळवलं, कारण ह्या औषधाने उलटी होते आणि उताणा असला तर ती घशात जाऊ शकते. मग फक्त घड्याळ बघत बसलो. १० मिनिटांत फरक पडायला पाहिजे असं सांगितलेलं होतं. आठव्या मिनिटाला हातपाय सैल पडले, बाराव्या मिनिटाला डोळे उघडले आणि "आई, काऊन रडून राहिली तू?" म्हणाला. मीटरवर ७४. मग उलटी झाली, झालीच. नीट शुद्धीवर आल्यावर, स्वतःच्या हाताने ग्लास धरता आला तेव्हा ग्लुकोजचं पाणी घोट घोट दिलं, आणि मग दूध-पोळी. हे नंतरचं खाणं टाळू नका. ग्लुकॅगॉन स्वतः साखर नाही, ते लिव्हरला सांगते की तुझ्याकडे साठवलेली साखर बाहेर काढ. ती साठवण त्या रात्री रिकामी झालेली असते, ती भरली नाही तर शुगर परत पडते आणि दुसऱ्यांदा हे इंजेक्शन तेवढं चालणार नाही. म्हणूनच कडक उपास असेल किंवा दारू पिऊन शुगर लो झाली असेल तर ह्याचा भरवसा नसतो, तिथे शिरेतून ग्लुकोजच लागते.

१०८ आली तोवर पोरगा बोलत होता, तरी आम्ही दाखवून आलो. तुम्हीही जा.

तक्रार एकच आहे, हे मिसळायचं प्रकरण. ग्लुकॅगॉनचा शोध लागला १९२३ मध्ये, एवढी वर्षं झाली, तरी आपण रात्री तीन वाजता पावडर घोळत बसतो. कारण असं की पाण्यात विरघळून ठेवलं तर त्याच्या गाठी होतात, टिकत नाही. म्हणून मिसळलं की लगेच वापरायचं, दाणे दिसले तर वापरायचंच नाही. अमेरिकेत २०१९ पासून नाकात मारायची पावडर आणि आधीच तयार भरलेलं इंजेक्शन, दोन्ही मिळतात, नाकातली तर बेशुद्ध माणसाला श्वास ओढायचीही गरज नाही. मी दुकानदाराला विचारलं, त्याच्याकडे नव्हतं. ते इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायला लागलं की मी त्याच दिवशी घेणार.

आणि एक, ही डब्बी घरात आहे म्हणून बाकीचं सोडायचं नाही. ह्याची वेळच येऊ नये हे खरं काम आहे. ७० च्या खाली आलं आणि लेकरू शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटांनी परत चेक, तरी कमी असेल तर परत तेवढंच. चॉकलेट नाही, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते. बिस्किटं पण नंतर. आमच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी डायबेटिससाठी व्होग्लिबोजची गोळी दिली आहे, ती गोळी चालू असेल तर घरातली साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच पाहिजे, हे मला स्वतःला मागच्या वर्षीच कळलं. आणि ते ग्लिमेपिराइड ही डायबेटिसचीच दुसरी गोळी पण घेतात, त्या गोळीने शुगर लो झाली तर एकदा वर येऊन काही तासांनी परत पडू शकते, म्हाताऱ्या माणसांत तर जास्तच, त्यामुळे "आता बरं वाटते" म्हणाले तरी घरी ठेवायचं नाही, सरळ दवाखाना. नागपुरात असाल तर मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं नाहीतर धंतोलीतले दवाखाने, जे जवळ असेल ते.

स्टार द्यायचे तर औषधाला पाचपैकी पाच, डब्बीच्या बनावटीला तीन.

आता दोन डब्ब्या घेतल्या आहेत. एक फ्रीजच्या दारात अंड्यांच्या वरच्या कप्प्यात, त्यावर स्केचपेनने एक्सपायरी मोठ्या अक्षरात. दुसरी शाळेत ऑफिसच्या फ्रीजमध्ये, तिथल्या मॅडमनी स्वतः शिकून घेतलं. एक्सपायर झालेली एक डब्बी ओळखीच्या टाइप १ वाल्या ताईंकडून मागून आणली होती, ती सरावाला वापरली, मांडीच्या जागी संत्रं, घरात संत्र्यांना काय तोटा. आम्ही दोघं, सासूबाई आणि पोरगी, सगळ्यांनी आळीपाळीने तीच बाटली, तीच सिरिंज, साधं पाणी भरून भरून. सासूबाईंना चष्म्याशिवाय बुडबुडा दिसत नाही, म्हणून आता चष्म्याची एक जुनी जोडी डब्बीलाच रबरबँडने बांधून ठेवली आहे.