फ्नॉम पेन ते सिएम रीप, गाडीने सहा दिवस: ड्रायव्हरला पाच तारे, ऑफिसला दोन

कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार आहे ती ऑफिसबद्दल आणि कौतुक आहे ते ड्रायव्हरचं. नाव दिलं तर दोघांनाही एकच मार्क पडतील, आणि ते मला करायचं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मी आणि माझ्या वन्सं कंबोडियाला गेलो. वन्सं ६८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, त्यात शाकाहारी. मी मासे खाते, त्यामुळे माझं कुठे अडलं नाही. ओळखीतले सगळे सिएम रीपला उतरतात, तीन दिवस अंगकोर बघतात आणि परततात. मला सुरुवातीपासून बघायचं होतं: आधी सातव्या शतकातली विटांची देवळं, मग दहाव्यातली राजधानी कोह केर, आणि अंगकोर वाट सर्वांत शेवटी. म्हणून फ्नॉम पेनला उतरून उत्तरेकडे जायचं ठरवलं. वाटेतल्या प्रांतांमध्ये बस मिळते, पण ती गावाला सोडते. देऊळ तिथून आणखी तीस-चाळीस किलोमीटर आत असतं. गाडीशिवाय इलाज नाही.

सिएम रीपच्या एका छोट्या कंपनीशी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं. सहा दिवस गाडी, पेट्रोल, ड्रायव्हरचं राहणं-जेवण, आमच्या पाच रात्रींची हॉटेलं, दोन ठिकाणी इंग्रजी बोलणारा गाइड आणि 'सगळी प्रवेश तिकिटं', मिळून ७६० डॉलर.

आलेली गाडी म्हणजे जुनी लेक्सस. नाव ऐकून हुरळू नका, कंबोडियात जुन्या लेक्सस पैशाला पासरी दिसतात. एसी उत्तम, मागची सीट ऐसपैस, वन्संना पाय लांब करता आले. ड्रायव्हर पन्नाशीचा, बारीक, प्रेह विहार प्रांतातल्याच एका खेड्यातला. इंग्रजी वीसेक शब्दांचं. मी वैतागले, कारण ऑफिसने 'फ्लुएंट' लिहिलं होतं. पण त्याच्या फोनमध्ये गुगलचं भाषांतर होतं आणि त्यात मराठीही आहे हे कळल्यावर आमचं छान जमलं. तो ख्मेरमध्ये बोलायचा आणि फोन आम्हाला मराठीत विचारायचा, 'तांदूळ खाल्ला का?' म्हणजे 'जेवलात का?' तिकडेही भेटल्यावर हेच विचारतात.

मोठ्याला तिथे 'बाँग' म्हणतात, ताई-दादा दोन्हीला एकच शब्द. मी त्याला बाँग म्हणायचे, तोही मला बाँग म्हणायचा. वन्संना मात्र तो पहिल्या दिवसापासून 'येय' म्हणत होता. वन्सं खूश. त्यांना वाटलं, 'मॅडम'सारखं काहीतरी असेल.

पहिल्या सकाळी फ्नॉम पेनचं राष्ट्रीय संग्रहालय. हे चुकवू नका, आणि शेवटासाठी तर अजिबात ठेवू नका. कोह केरच्या प्रसात चेन या देवळात भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धाचा आख्खा देखावा मूर्तींमध्ये उभा केलेला होता. मध्ये दोघे, भोवती बसलेले पांडव, आणि संतापलेला बलराम. दुर्योधन गुडघे वाकवून उडी मारायच्या बेतात आहे. दगडाला असं उडायला लावलेलं मी आपल्याकडे कुठे पाहिलेलं नाही. यादवीच्या काळात, १९७०च्या दशकात चोरांनी या मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या. दुर्योधन पोहोचला न्यूयॉर्कच्या सदबीजच्या लिलावात आणि भीम कॅलिफोर्नियाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात. पावलं मात्र कोह केरलाच राहिली होती आणि त्यांच्यावरूनच मूर्ती कुठल्या ते सिद्ध झालं. २०१४ मध्ये दोघेही घरी परतले. वन्सं बराच वेळ समोर उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मांडी भीमान फोडल्यान, घोटे चोरांनी."

दुपारी निघालो. वाटेत स्कुन नावाचं गाव लागतं, तिथे तळलेले कोळी परातीत रचून विकतात. वन्संनी काच वर केली ती कांपाँग थॉम येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सांबोर प्रेई कुक. जुनं नाव ईशानपूर, ईशानवर्म्याची राजधानी. वेरूळचं कैलास लेणं कोरायला घेतलं त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधीची ही देवळं. २०१७ पासून जागतिक वारसा, तरी त्या सकाळी आमच्याशिवाय एक फ्रेंच जोडपं आणि चार कोंबड्या. जंगलात विखुरलेले विटांचे मनोरे, काही चक्क अष्टकोनी. भिंतींवर विटांमध्येच कोरलेले उडते महाल आहेत, खाली पंख पसरलेल्या आकृती ते उचलून धरतात. एका मनोऱ्याला झाडाच्या मुळांनी असं वेढलंय की वीट दिसतच नाही. मधूनच गोल खड्डे लागतात. मला वाटलं तळी असतील. अमेरिकन बाँबचे खड्डे आहेत ते.

इथे गाइड यायचा होता. आला नाही. ऑफिसला फोन केला तर 'टेन मिनिट्स'. दीड तासाने तेच उत्तर. शेवटी बाँगच आम्हाला घेऊन फिरला, फोन पुढे धरून. एका देवळाच्या पाटीवर नाव होतं प्रसात येय पुअन. वन्संनी ओळखीचा शब्द हेरला आणि पाटीकडे बोट दाखवून विचारलं, येय म्हणजे काय? फोन स्वच्छ मराठीत म्हणाला, 'आजी.'

"म्हणजे दोन दिवस हो माका आजी म्हणता? माझी नातवंडा खय आसत हय?"

बाँगला भाषांतराची गरज पडली नाही. त्याने हात जोडले. पण पुढेही येयच म्हणत राहिला, आणि तिसऱ्या दिवसानंतर वन्संनी तक्रार सोडून दिली.

जेवणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण घरून निघताना सगळे हेच विचारतात. शाकाहारी मिळतं, पण नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. माशाचं पाणी ते मीठ समजूनच घालतात आणि प्रहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा लगदा, कशात असेल सांगता येत नाही. बाँग प्रत्येक खानावळीत थेट चुलीपाशी जाऊन उभा राहायचा. कढई धुऊन घ्यायला लावायचा, मग लसूण घालून त्राकुओनची भाजी. ती म्हणजे आपली नाळीची भाजी, चवीतही फरक नाही. त्यावर भात आणि वन्संच्या डब्यातलं मेतकूट. रस्त्याकडेला बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात मिळतो, क्रालान, नारळाचं दूध आणि चवळीसारखे काळे दाणे घातलेला. हा निर्धास्त खा. वन्संनी सहा दिवसांत अकरा नळ्या संपवल्या, मोजून.

कांपाँग थॉम सोडल्यावर दोन्ही बाजूंना काजू सुरू झाले. मी वेंगुर्ल्याची, आमची काजूची लहानशी बाग आहे, त्यामुळे मी गाडी थांबवायला लावली. झाडं मोहरावर होती, तोच वास. फक्त लागवड सपाटीवर आणि ओळीत, आपल्यासारखी उतारावर चढत गेलेली नाही. मोहर जवळून बघावा म्हणून मी रस्ता सोडून चार पावलं आत गेले, आणि बाँग ओरडला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज चढलेला ऐकला तो तेवढाच. मी जागीच उभी राहिले. तो माझ्याच पावलांवर पाय ठेवत आला आणि तसाच मला मागे घेऊन गेला. फोनवर आलं: 'इथे स्वच्छ असेल. पण तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही.' लागवड झालेली जमीन बहुतेक सुरक्षित असते, हे त्यालाही ठाऊक होतं. नंतर गाडीत, न विचारता: 'आमची गाय गेली. मग मामा गेला.' या भागात लाल पाट्यांवर कवटी दिसते तिथे सुरुंग असतात आणि पाटी नसली तरी मळलेली वाट सोडायची नाही. आडोशाला जायचं असलं तरी रस्त्याच्या कडेलाच. ऑफिसने पाठवलेल्या चार पानी 'माहितीपत्रकात' याबद्दल एक ओळ नव्हती. स्पाचा पत्ता मात्र होता.

स्रा एम गावातलं हॉटेल फोटोतलं नव्हतंच. गरम पाणी नाही, खिडकी भिंतीकडे उघडणारी. बाँगने कुणाच्या तरी चुलीवरून दोन बादल्या कढत पाणी आणून दिलं. हे त्याचं काम नव्हतं.

प्रेह विहारचं देऊळ डांगरेक डोंगराच्या कड्यावर आहे, सव्वापाचशे मीटर उंचीवर. तिकीट तेव्हा १० डॉलर होतं. आपली गाडी खालीच ठेवावी लागली. वर जायला मोटारसायकल ५ डॉलरला होती, किंवा पिक-अप २५ ला. गुडघे दुखत असतील तर पिक-अपच घ्या, चढ छातीवर येतो. शिखरेश्वराचं हे स्थान. पाच गोपुरं एकामागे एक, आठशे मीटरवर पसरलेली, आणि चालताना पुढचं गोपूर कायम आकाशात उभं दिसतं. एका दारावर समुद्रमंथन आहे. वन्सं तिसऱ्या गोपुरापर्यंत आल्या, तिथे सैनिकाच्या बाकावर बसल्या आणि त्याला चिवडा दिला. शेवटी कड्याच्या टोकाशी जमीन संपते आणि खाली कंबोडियाचं मैदान पसरलेलं दिसतं. या देवळावरून थायलंडशी वाद जुना आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये ते कंबोडियाला दिलं. आम्ही गेलो तेव्हा शांतता होती. जुलै २०२५ मध्ये या सीमेवर तोफा चालल्या, त्यामुळे तिकडचं बुकिंग करण्याआधी त्या आठवड्याच्या बातम्या वाचा, एजंटचं ऐकू नका.

चौथा दिवस कोह केरचा. 'सगळी तिकिटं' यात कोह केरचे १५ डॉलर नाहीत असं दारावर समजलं. मी दहाची आणि पाचची नोट दिली. दहाच्या नोटेच्या कोपऱ्याला नखाएवढी चीर होती, म्हणून परत आली. डॉलर इथे सर्रास चालतात, पण कोरे करकरीत. निघण्याआधी मनी चेंजरकडे एकेक नोट उजेडात धरून बघा, लाज वाटू देऊ नका.

चौथ्या जयवर्मन राजाने अंगकोर सोडून इथे राजधानी आणली, ९२८ ते ९४४, जेमतेम सोळा वर्षं. तेवढ्यात सात टप्प्यांचा ३६ मीटर उंच पिरॅमिड उभा केला. शेजारून लाकडी जिना आहे, मी चढले. वर वारा आणि चारी बाजूंना झाडांचे शेंडे. इथलाही गाइड आला नव्हता, पण एव्हाना माझी अपेक्षा संपली होती. उतरल्यावर मी बाँगला प्रसात चेन दाखव म्हटलं. तो चकित झाला, कारण लोक पिरॅमिड बघून निघतात. लहान, पडकं देऊळ, कुणी नाही. फ्नॉम पेनमध्ये दुर्योधन बघून आलो नसतो तर आम्हीही पाच मिनिटांत मागे फिरलो असतो. वन्संनी काठीने जमिनीवर हलकेच गोल काढला, मध्ये दोन खडे ठेवले आणि बाँगला खुणेने गदायुद्ध सांगितलं, मांडीवर थाप मारण्यासकट. तो रामायण उत्तम जाणत होता, पण ही गोष्ट त्याला नवी होती.

बेंग मेलियाचं देऊळ छान आहे, पडझडीतून लाकडी पूल नेलाय, वन्संना चालता आलं. सहाव्या दिवशी बांतेय स्रेई: गुलाबी दगड, ९६७ सालचं काम, आणि कैलास हलवणारा रावण. वेरूळ पाहिलेल्या माणसाने तिथे दहा मिनिटं जास्त काढावीत. बाकी अंगकोर आम्ही नंतर रिक्षाने केलं. तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा आणि तो दहा दिवसांत कधीही वापरता येतो, त्यामुळे मध्ये एक दिवस वन्संच्या गुडघ्यांना सुट्टी देता आली. सूर्योदयाला हजार मोबाइलच्या मागे उभं राहण्यापेक्षा पश्चिमेच्या ओवरीतलं कुरुक्षेत्र बघा. शरपंजरी पडलेले भीष्म वन्संनी माझ्या आधी शोधले.

ऑफिसला सगळं लिहून पाठवलं. न आलेल्या गाइडचे आणि तिकिटांचे मिळून ७० डॉलर मागितले, तीन आठवड्यांनी ४० आले, सोबत फुलांचं चित्र. म्हणून दोन तारे. तुम्ही अशी गाडी ठरवणार असाल तर हॉटेल आणि गाइड त्यांच्याकडून घेऊच नका. फक्त गाडी घ्या, ड्रायव्हर प्रेह विहार किंवा कांपाँग थॉमचा मागा, आणि आधी त्याच्याशीच एकदा फोनवर बोलू द्या म्हणावं.

बाँगला शेवटी ६० डॉलर वेगळे दिले. त्याने ते मोजले नाहीत, पण प्रत्येक नोट उजेडात धरून बघितली.