एमएस ऑर्थो: बांबोळीत राहायचं, मुंबई गाठायची की डीएनबी घ्यायचं?

पीजी ॲडमिशनचं काउन्सेलिंग जवळ आलं की डिचोली-साखळीकडच्या दोन-तीन पोरांचे तरी फोन येतात, ताई ऑर्थो (हाडांच्या सर्जरीचं पीजी) लागतंय पण कुठलं कॉलेज यादीत वर भरू, आणि तोवर चॉइस लॉक व्हायला एक दिवस उरलेला असतो, म्हणून या खेपेला आधीच लिहून ठेवते. मी एमबीबीएस गोव्यात केलं, एमएस बाहेर एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात केलं (नाव घेत नाही), आता सात वर्षं झाली परत इथेच प्रॅक्टिस करतेय. तेव्हा मला जे कुणी सांगितलं नव्हतं तेच जास्त सांगणार आहे.

ॲडमिशनचं आधी एका दमात. सरकारी कॉलेजातल्या 50 टक्के सीट ऑल इंडिया कोट्यातून एमसीसीकडे (केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडे) जातात, बाकीच्या राज्याकडे. 29 जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पीजीला डोमिसाइलवर आरक्षण चालणार नाही, पण त्याच कॉलेजातून एमबीबीएस केलेल्यांना ठराविक प्रमाणात प्राधान्य देता येतं. म्हणजे एमबीबीएस बाहेर केलं असेल तर घरात 15 वर्षांचा रहिवासी दाखला आहे म्हणून निर्धास्त बसू नका, लिस्टमध्ये बाहेरचे ऑप्शन मनापासून भरा. डीएनबीच्या (हॉस्पिटलात राहून करायची पीजी डिग्री) सीटही नीट पीजीच्याच मार्कांवर एमसीसीतूनच मिळतात. एम्स, पीजीआय, जिपमर हवं असेल तर आयएनआय-सीईटी ही परीक्षा वेगळी, वर्षातून दोनदा.

आता मुख्य मुद्दा. ऑर्थो हे हाताचं काम आहे, त्यामुळे सगळे विचारतात की तिथे केसेस किती येतात. प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच आहे. तुम्ही केलेल्या फ्रॅक्चरचा सहा आठवड्यांनी काढलेला एक्स-रे तुमच्याच डोळ्यांसमोर येतो का, हा उरलेला अर्धा प्रश्न, आणि तो मी विचारलाच नव्हता.

माझ्या रेसिडेन्सीत काम भरपूर मिळालं. इमर्जन्सीच्या रात्री खुब्याची दोन-दोन फ्रॅक्चरं असायची, सेकंड इयरलाच डीएचएस (खुब्यात स्क्रू-प्लेट बसवायचं ऑपरेशन) स्वतः करायला मिळालं, लॉगबुक भरून वाहत होतं. पण पेशंट कुठून कुठून आलेले, टाके निघाले की गावी, फॉलोअप ओपीडीत कोण बसेल ते त्या दिवशीच्या ड्युटीवर ठरायचं, मी घातलेला स्क्रू मलाच परत दिसला असं क्वचित झालं. मग गोव्यात आले आणि पहिल्याच वर्षी पेडण्याकडच्या एका आजीचा खुबा केला. ऑपरेशन छान झालं असं मला वाटत होतं, सी-आर्मवर (ऑपरेशनच्या वेळचं एक्स-रे मशीन) फोटो सुंदर. सहा आठवड्यांनी मुलगा त्यांना गाडीतून घेऊन आला, पाय आखूड झालेला, एक्स-रेत स्क्रू मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यातून वर फाडून निघालेला. जुना फोटो लावून मोजलं तर टिप-ॲपेक्स डिस्टन्स (स्क्रूचं टोक ते त्या डोक्याचं शिखर हे अंतर) 32 मिलीमीटर. 25 च्या आत ठेवायचं असतं हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण गाइड वायर (स्क्रूच्या आधी घालायची तार) जरा वर गेलीय तर काढून परत घाला, ही सवय हाताला लागलीच नव्हती कारण वर गेलेल्या वायरचं पुढे काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आजींचं परत ऑपरेशन करावं लागलं. त्या मला काही बोलल्या नाहीत, उलट येताना काजूची पुडी घेऊन यायच्या, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

म्हणून गोमेकॉची (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) बाजू मी वजन देऊन मांडते. कॉलेज 1842 सालचं, पोर्तुगीजांच्या काळातलं, पण ऑर्थोवाल्याला इतिहासापेक्षा जागेचा उपयोग जास्त. बांबोळी हायवेवरच आहे, म्हापशाच्या नि मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात जे झेपत नाही ते तिथे येतं, वरून सिंधुदुर्गातले, खालून कारवारकडचेही येतात. स्कूटरवाले, माडावरून पडलेले पाडेली, सत्तरीत सुपारी काढताना पडलेले, पावसात अंगणातल्या शेवाळावर घसरून खुबा मोडलेल्या आज्या, आणि गावठी उपचार करून तीन आठवड्यांनी आलेली वाकडी जुळलेली हाडं. आणि हे लोक परत येतात! काणकोणचा माणूस झाला तरी सकाळची कदंब बस पकडून ओपीडीला पोचतो, संध्याकाळी घरी. कोकणी-मराठीत मनातलं बोलतो, ‘रात्रीची कळ मारता’ म्हणाला की तुम्हाला दुभाषा लागत नाही. सगळ्यात म्हणजे पुढे प्रॅक्टिस इथेच करायची असेल तर तीन वर्षांत तुम्हाला गावागावातले लोक ओळखायला लागतात, याची किंमत बाहेरून आल्यावर कळते, मला कळली.

उणी बाजूही आहेच. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, त्यामुळे हाडाचे ट्यूमर, अवघड स्पाइन, पेल्विसचे गुंतागुंतीचे फ्रॅक्चर या गोष्टी मोठ्या शहराइतक्या दिसणार नाहीत हे साधं गणित आहे. त्यासाठी नंतर फेलोशिप करायचीच असं धरून चाला. आणि घर जवळ असल्याचा तोटा असा की चवथीला घरचे वाट बघत असतात आणि तुम्ही अर्ध्या तासावर कॅज्युअल्टीत प्लास्टरचा स्लॅब घालत असता, ते मुंबईत बसून चुकवण्यापेक्षा जास्त लागतं.

मुंबई म्हणजे केईएम, सायन, नायर, जेजे. आकड्यात त्यांची बरोबरी होणार नाही. सायनला हायवेही जवळ, रेल्वेही जवळ, ट्रेनमधून पडलेला चिरडलेला पाय तिथे ज्या संख्येने बघायला मिळतो तसा गोव्यात मिळत नाही. ज्याला ट्रॉमाच (अपघाताच्या केसेस) करायचाय, ज्याची तब्येत आणि झोप दोन्ही दणकट आहेत त्याने डोळे झाकून जावं. पण मोठ्या हॉस्पिटलाचं रँक बघून जाऊ नका, युनिट बघून जा, एकाच डिपार्टमेंटमधल्या दोन युनिटांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. 1992 च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये एका वेळी 12 तासांपेक्षा जास्त ड्युटी नको असं लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात मी सलग 36 तास उभी राहिलेय. अशाच एका पहाटे एका मुलाच्या हाताला प्लास्टर घातलं, तो रडत राहिला, मला वाटलं लहान आहे, रडणारच. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरने येऊन हाक मारली, डॉक्टर याची बोटं सरळ करून बघा. नुसती बोटं उलगडली तर तो किंचाळला, प्लास्टरच्या आत हात सुजून आवळला गेला होता. प्लास्टर उभं चिरलं, कापूससुद्धा कातडीपर्यंत कापला, आणि दहा मिनिटांत बोटं गुलाबी झाली. सिस्टर नसती तर तो हात गेला असता. दमलेल्या डोक्यावर कुणाचं लक्ष असतं की नाही हे विचारून घ्या, केसेसच्या आकड्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

डीएनबीबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. एमएसच्या बरोबरीची डिग्री आहे, परीक्षा कडक आहे, आणि चांगल्या ठिकाणी शिकवणं सरकारी कॉलेजपेक्षा शिस्तीत होतं. कोइम्बतूरचं गंगा हॉस्पिटल घ्या, उघड्या फ्रॅक्चरचा (जिथे जखम हाडापर्यंत गेलेली असते) पाय वाचवायचा की काढायचा हे ठरवायला त्यांनीच बनवलेला स्कोर जगभर वापरतात. अडचण सगळ्या डीएनबीची नाही, त्यातल्या एका प्रकाराची आहे: खासगी हॉस्पिटल, पेशंट पैसे मोजून अमुक डॉक्टरांच्या नावावर आलेला, दिवसाला तीन गुडघे बदलायचे, आणि तुम्ही तीन वर्षं रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभे. गुडघा बदलणं बघून पाठ होतं, पण मध्यरात्री उघडं फ्रॅक्चर धुऊन फिक्सेटर (हाड बाहेरून धरणारा सांगाडा) लावायला तुमचा हात थरथरतो. अशा सीटपेक्षा मी गोमेकॉच काय, एखादं लहान सरकारी कॉलेजही वर ठेवीन. खासगी डीम्ड कॉलेजचं तर बोलतच नाही, फी ऐकूनच पुढचं बोलणं थांबतं.

मुलींसाठी दोन शब्द, कारण ‘ऑर्थोला ताकद लागते, तू स्किन घे’ हे मलाही ऐकवलं होतं. खांदा बसवताना ताकद लावणारा चुकतोच, हळू आणि सतत ओढावं लागतं, बाकीचं ट्रॅक्शन टेबल करतं. त्यापेक्षा तुमच्या मापाचा लेड एप्रन आणि थायरॉइड शील्ड ओटीत (ऑपरेशन थिएटरात) आहे का ते बघा, मी तीन वर्षं दोन साइझ मोठा एप्रन घालून उभी होते आणि बगलेतून सी-आर्मचं रेडिएशन येत राहिलं. मुलींची ड्युटी रूम वेगळी आहे का तेही बघा.

लिस्ट भरायच्या आधी जमलं तर एकदा प्रत्यक्ष जाऊन या, आणि ओटीच्या दिवशी जाऊ नका, फॉलोअप ओपीडीच्या दिवशी जा. एचओडींना भेटायची गरज नाही. सेकंड इयरवाल्याला चहाला न्या, गेल्या महिन्यात स्वतः काय काय केलं, समोर कोण उभं होतं, रात्री दोनला फोन केला तर लेक्चरर येतात का, ते विचारा. मग त्याला सांगा, तू केलेल्या एखाद्या केसचा सहा आठवड्यांचा एक्स-रे दाखव. लगेच मोबाइल काढून दाखवायला लागला, आणि इथे जरा चुकलंय हेही सांगायला लागला, तर ते कॉलेज वर घ्या.